नवरा चढावर पळणार, मी कुठे थांबू?

प्रश्न: नवऱ्याची डोंगरातल्या एका गावात चढाची रेस आहे, मी सोबत जातेय पण पळणार नाहीये, तर स्टार्टला थांबू की वर फिनिशला?

उत्तर: वरच थांबा ताई, आणि त्यांच्या बरंच आधी निघा, कारण रेस सुरू झाली की रस्ता बऱ्याचदा बंद करतात. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते, त्यात घामाने भिजलेला माणूस थांबला की लगेच कुडकुडायला लागतो, म्हणून कोरडा टीशर्ट, जॅकेट, टोपी तुमच्याच बॅगेत ठेवा, हे खरंच विसरू नका. तुम्हालाही गरम कपडे लागतीलच. आणि उशीर झाला तर घाबरू नका, तीव्र चढावर किलोमीटरला सपाटीच्या दुप्पट वेळसुद्धा लागतो.