सेगा रॅली (सॅटर्न) की ग्रॅन टुरिस्मो (प्लेस्टेशन १)? ग्राफिक्स आणि फिजिक्स कोणाचं सरस, जुना कन्सोल कोणता घेऊ?

“प्लेस्टेशनवर रस्ता वाकतो म्हणतात, खरं का?” असंही तुम्ही विचारलंय. हे मी २००२ पासून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो. नवख्यांसाठी: दोन्ही गाड्यांच्या शर्यतीचे गेम, आणि सॅटर्न (सेगाचा) व प्लेस्टेशन (सोनीचा) हे टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल.

आम्ही चाळीसगावचे. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे सेकंडहँड प्लेस्टेशन होता. मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, धुळ्याहून सॅटर्न घेऊन सुट्टीला आला. त्याच्या काकांनी दुबईहून आणलेला. टीव्ही एकच, त्यात दुपारचं लोडशेडिंग. लाईट आली की आधी कोणाचा गेम, यावरून रोज भांडण. एका संध्याकाळी दादाने माझी रेस पॉज केली, कंपासपेटीतली पट्टी टीव्हीच्या काचेला लावली आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना दाखवलं की गाडीजवळ रस्त्याचा पांढरा पट्टा मोडल्यासारखा दिसतोय. “तुन्हा गेममा रस्ताच वाकडा शे!” सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर आज देतो. पट्टा वाकतो हे खरं. गेममधला रस्ता त्रिकोणी तुकड्यांचा बनलेला असतो आणि त्यांवर टेक्श्चर, म्हणजे रस्त्याचं चित्र, चिकटवतात. ते चिकटवताना त्रिकोणाचं कुठलं टोक लांब आणि कुठलं जवळ, हा हिशेब प्लेस्टेशन धरतच नाही. स्क्रीनवरच्या तीन टोकांमध्ये चित्र सरळ ताणून बसवतो. त्रिकोण मोठा आणि जवळ असला की चूक ठळक दिसते, म्हणून लांबचा रस्ता सरळ आणि पायाशी आलेला वाकडा. पण दादा, तुझा सॅटर्नही तो हिशेब धरत नव्हता! तो त्रिकोणाऐवजी चौकोन ताणायचा, एवढाच फरक. पट्टी तुझ्याही गेमला लावायला हवी होती.

ग्राफिक्सचं म्हणाल तर सॅटर्नवरची १९९५ ची सेगा रॅली अजूनही देखणी आहे, सेकंदाला ३० फ्रेम्स (चित्रं). त्याच वर्षीची सॅटर्नवरची डेटोना, सेगाचाच दुसरा शर्यतीचा गेम, २० फ्रेम्सवर धापा टाकायची, डोंगर समोर अचानक उगवायचे. पण ग्रॅन टुरिस्मोच्या गाडीच्या पत्र्यावरून आणि काचेवरून सरकणारी चमक सेगा रॅलीत नाही. रिप्ले लावून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही.

आता फिजिक्स, म्हणजे गाडी खऱ्यासारखी वागते का. इथे माझ्या मते तुलनाच नाही, ग्रॅन टुरिस्मोच सरस. २००५ च्या पावसाळ्यात आम्ही मारुती ८०० घेऊन कन्नड घाट उतरत होतो. दादा गाडी चालवत होता, मी शेजारी. रस्ता ओला. एका डाव्या वळणात दादाने वेग तसाच ठेवला, गाडी बाहेर जायला लागली, तसं त्याने स्टिअरिंग आणखी वळवलं आणि गॅस दाबला. नाक सरळ कठड्याकडे. मी ओरडलो, “गॅस सोड!” त्याने सोडला, वजन पुढच्या चाकांवर आलं आणि नाक वळणात परत आलं. हातभर अंतर उरलं होतं. मला तेव्हा धड गाडी चालवता येत नव्हती. हे मला ग्रॅन टुरिस्मोतल्या ट्रायल माउंटन ट्रॅकवर फ्रंट व्हील सिव्हिक गाडी शंभरदा भिंतीवर नेऊन कळलं होतं. पुढची चाकंच ओढतात आणि पुढचीच वळतात, दोन्ही कामं एकदम जास्त मागितली की पकड सुटते. घरी आल्यावर दादा म्हणाला, “ब्रेक लागला म्हणून वाचलो.” ब्रेक लागलाच नव्हता. मी पाय बघत होतो.

हां, मातीत मात्र सेगा रॅलीच. डांबर सोडून खडीवर गेल्यावर पकड बदलते ते हाताला जाणवतं. ग्रॅन टुरिस्मो १ मध्ये मातीचे ट्रॅकच नाहीत, आणि दुसऱ्या भागात मातीवर गाडी तरंगल्यासारखी वाटते. शिवाय भिंतीला घासत वळण काढलं तरी गाडीचं नुकसान होत नाही, हा ग्रॅन टुरिस्मोच्या फिजिक्सचा खरा डाग आहे. आणि एक गेम १९९५ चा, दुसरा १९९७ च्या डिसेंबरचा, म्हणजे मधल्या दोन वर्षांचा फायदा ग्रॅन टुरिस्मोला मिळालाच.

तर भाऊ, प्लेस्टेशन घ्या आणि जमलं तर डबडा टीव्हीच शोधा, नव्या एलसीडीवर चित्र भुरकट दिसतं. ग्रॅन टुरिस्मोत सुरुवातीला १०,००० क्रेडिट्स (गेममधले पैसे) मिळतात, त्यात जुनी फ्रंट व्हील गाडी घ्या आणि वळणात मुद्दाम गॅस दाबून धरा. मग सोडा. नाक कुठे जातं ते बघा आणि इथे खाली लिहा, दादा वाचतो.