फक्त ऑटोमॅटिकमध्ये आलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये जुना मॅन्युअल गिअरबॉक्स टाकला तर टिकेल का? मेकॅनिक म्हणतो जुने बॉक्स आवाज करतात.

तुमच्या मेकॅनिकचं ते वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, नाहीतर नुसतं "बसतो, खर्च आहे" एवढं लिहून पुढे गेलो असतो.

जुना बॉक्स आपणहून आवाज करत नाही हो. बसवणारा त्याला करायला लावतो.

माझ्या एका मित्राने हेच केलं होतं. नवी टर्बो सिक्स सिलिंडर, कंपनीचा ऑटोमॅटिक काढला आणि निसान ३५०झेडचा सीडी००९ टाकला. बॉक्स मीच सुचवलेला. त्याच्या आधीच्या नंबरांच्या बॉक्सना सिंक्रोची (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या रिंगांची) तक्रार असायची, ००९ मध्ये ती बऱ्यापैकी निस्तरली, म्हणून तर लोक तो वाट्टेल त्या इंजिनामागे लावतात. फक्त एक भानगड आहे, त्याचं बेलहाउसिंग, म्हणजे क्लच झाकणारा आणि इंजिनाला जोडला जाणारा पुढचा भाग, वेगळं नसतं, केसिंगबरोबरच ओतलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या इंजिनाला लावायचा तर पुढचा भाग कापून तिथे ॲडाप्टर प्लेट बसवायची. आता कापाकापी आली, प्लेट आली, तिचे डॉवेल (जागेवर धरणाऱ्या पिना) आले, आणि क्रँकचा मध्य आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत येतात की नाही हे कुणीतरी बघायला नको?

मी म्हटलं डायल गेज, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारं काट्याचं मापक, लाव. फॅब्रिकेशनवाला हसला. "साहेब, सीएनसीवर कापलेली प्लेट आहे, त्यात काय मोजायचं." मित्राला ते पटलं, कारण गाडी त्याला लवकर हवी होती आणि मोजायचं म्हणजे सगळं परत उतरवायचं. मी दोनदा सांगितलं, मग गप्प बसलो.

गाडी सुरुवातीला मस्त चालली. मग थंडीत दुसरा गिअर अडायला लागला, मग तिसरा ॲक्सिलरेटर सोडला की बाहेर यायला लागला, आणि न्यूट्रलमध्ये क्लच दाबला की कर्रर्र असा आवाज. इथेच खरं तर निदान झालं होतं. न्यूट्रलला क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) नाहीतर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं) बघा, आणि क्लच सोडलेला असताना आवाज येऊन दाबल्यावर जात असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पण ऐकतो कोण. सगळ्या ग्रुपमध्ये बोंब झाली की मी त्याच्या गळ्यात जुना भंगार बॉक्स मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी बॉक्स उतरवला आणि माझ्याच टेबलावर उघडला. आत गिअरचे दात स्वच्छ, सिंक्रोच्या कडा शाबूत, तळाच्या मॅग्नेटवर नेहमीची राखाडी साय, बास. आणि पुढे इनपुट शाफ्टचं टोक तापून निळसर पडलेलं, पायलट बेअरिंगच्या सुयांचा तर चुराच झालेला. मग गेज लावला. स्टँड फ्लायव्हीलवर, टोक प्लेटच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला, आणि क्रँक हाताने हळूहळू पूर्ण फिरवायचा. काटा ०.३८ मिमी हलला. चालतो किती, तर साधारण ०.१३. मध्य सरकलेला असतो गेजवरच्या आकड्याच्या निम्मा, म्हणजे इथे ०.१९, त्यामुळे ०.१८ मिमीचे ऑफसेट डॉवेल घातले, फिरवून जागेवर आणले, परत मोजलं, नवीन पायलट टाकलं आणि तोच बॉक्स, एकही गिअर न बदलता, परत चढवला. आज तीच गाडी ट्रॅकवर पळते. मित्र अजून म्हणतो, नवीन बेअरिंग टाकलं म्हणून आवाज थांबला! अरे, मग जुनं बेअरिंग तरी कशाने मेलं?

असो, तुमचा प्रश्न.

इलेक्ट्रॉनिक्स छळणार. ऑटोमॅटिक काढला की त्याचा कंट्रोलर कॅन बसवरून (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती वायर) गायब होतो, इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, त्याला शोधत बसतो, सापडला नाही की लिंप मोड, म्हणजे गाडी जेमतेम ताकदीवर. पार्क-न्यूट्रलचा सिग्नल नाही म्हणून स्टार्टरच फिरत नाही असंही होतं. त्याच मॉडेलला कंपनीने कधी मॅन्युअल दिला असेल तर काम सोपं, कोडिंग करून ईसीयूला मॅन्युअल म्हणून पटवता येतं. टोयोटाची ए९० सुप्राच बघा, २०१९ मध्ये आली तेव्हा फक्त आठ गिअरचा झेडएफ ऑटोमॅटिक होता, २०२३ मॉडेलला कंपनीनेच मॅन्युअल दिला, म्हणजे पेडल, क्लच स्विच, सॉफ्टवेअर सगळ्याला आधार आहे. तसा आधार नसेल तर स्टँडअलोन (कंपनीच्याऐवजी लावायचा वेगळा) ईसीयू नाहीतर कॅनवर खोटे सिग्नल पाठवणारं मॉड्यूल. वायरिंगचं काम मी स्वतः करत नाही, ते जाणणाऱ्याकडेच द्या.

डिफरन्शियल (चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर, थोडक्यात डिफ) मात्र कोणी बघत नाही. पहिला गिअर आणि डिफ यांचा गुणाकार जितका मोठा, तितका उठताना जोर. त्या सुप्राच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ५.२५ आणि डिफ ३.१५, गुणाकार साडेसोळा. सीडी००९ चा पहिला ३.७९, त्याच डिफवर बारासुद्धा भरत नाही. उठताना गाडी आळशी वाटणार आणि तुम्ही क्लच जाळणार. कंपनीने मॅन्युअलला ३.४६ चं डिफ उगाच नाही दिलं.

ऑइलचं पण सांगतो, पितळी सिंक्रोच्या बॉक्समध्ये जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल ओतू नका, जीएल-४ घ्या. आणि टी५६ हा दुसरा मॅन्युअल बॉक्स असेल तर त्यात एटीएफ (ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल) जातं, गिअर ऑइल नाही. "जाड ऑइल टाक, आवाज दबेल" म्हणणारे भेटतील. दबतो आवाज, पण सिंक्रो सावकाश पकडतात आणि खापर परत बॉक्सवरच.

हां, एक राहिलं. ऑटोमॅटिकबरोबर आलेल्या काही इंजिनांच्या क्रँकमध्ये पायलटचं भोक पूर्ण मशीन केलेलं नसतं, ते प्लेट घ्यायच्या आधी बघा. वॉरंटी जाणार हे धरून चाला, आणि तुमच्याकडे असा बदल रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सला चालतो का ते आधी विचारा. आणि अगदी खरं सांगायचं तर ट्रॅकवरचा वेळ कमी करायला करत असाल तर करू नका, तो ऑटोमॅटिक तुमच्या माझ्यापेक्षा लवकर गिअर टाकतो. हाताने गिअर टाकायची मजा हवी असेल तरच या फंदात पडा.

मेकॅनिकला एवढंच विचारा, डायल गेज आहे का. "लागत नाही" म्हणाला तर दुसरा बघा. इंजिनचा कोड आणि कुठली प्लेट बघताय ते कमेंटमध्ये टाका, क्लच प्लेटच्या स्प्लाइनचं (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचं) मी सांगतो.