एक पान फाडले की जोडीचे पानही सुटते

प्रश्न : माझी मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. पहिलीपासून ती हुशार म्हणून ओळखली जाते आणि घरीदारी सगळे तिला हुशारच म्हणतात. यंदा गणिताच्या चाचणीत तिला २० पैकी १४ गुण मिळाले, तेव्हा ती उत्तरपत्रिका तिने आठवडाभर दप्तराच्या तळाशी लपवून ठेवली. वहीत एखादे अक्षर बिघडले तरी ती पूर्ण पान फाडून पुन्हा लिहिते. दिवाळीपर्यंत तिची गणिताची वही निम्मी झाली होती. अवघड उदाहरण आले की "मला येत नाही" म्हणून वही मिटते. आम्ही तिला गुणांवरून कधीही रागावलेलो नाही. तबल्याच्या वर्गाला मात्र ती आनंदाने जाते. काय करावे? शाळेत जाऊन बाईंना भेटावे का?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण मुलीला रागावत नाही, हे खरेच असेल. परंतु आपल्या चार ओळींच्या पत्रात 'हुशार' हा शब्द दोनदा आला आहे आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. हुशार म्हणून नाव झालेल्या मुलाला १४ गुण हे केवळ १४ गुण वाटत नाहीत. आपले नाव खोटे ठरल्याचा तो पुरावा वाटतो आणि पुरावा माणूस लपवतोच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकेतील पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली; काहींना "तू हुशार आहेस" असे सांगितले, तर काहींना "तू मेहनत घेतलीस" असे. पुढे अवघड कोडी अडल्यावर पहिल्या गटाची कामगिरी घसरली. शिवाय त्यांतील दहापैकी जवळजवळ चौघांनी आपले गुण इतरांना वाढवून सांगितले. दप्तराच्या तळाशी गेलेली उत्तरपत्रिका याच जातीची आहे.

तथापि, उद्यापासून 'हुशार' ऐवजी 'मेहनती' म्हणायला लागलात, तर फारसे काही साधणार नाही, हेही सांगितले पाहिजे. बुद्धी वाढू शकते, असे मुलांना पटवणाऱ्या एका छोट्या उपक्रमाची अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले; अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण त्यामुळे वाढले, पण थोडेच. शिवाय चुकीच्या रीतीने तीन तास बसलेल्या मुलाला "किती कष्ट घेतलेस!" म्हणणे ही मला नेहमीच एक प्रकारची टाळाटाळ वाटत आली आहे. त्याची रीत कुठे चुकते, ते पाहायला आपण शेजारी बसलेलो नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून शेजारी बसावे. समजा, तिने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. पान फाडले की ही चूक गेली, आणि तिच्याबरोबर मुलीच्या डोक्यात काय चालले होते हेही गेले. पान राहिले तर दिसते, की तिने वरचे आकडे वेगळे मिळवले आणि खालचे वेगळे. अपूर्णांक ही एकच संख्या आहे, हे तिला अजून उमगलेले नाही. पुरणपोळीचा अर्धा तुकडा ताटात ठेवा, त्यात आणखी एक तृतीयांश घाला आणि विचारा, की आता ताटात अर्ध्या पोळीपेक्षा जास्त आहे की कमी? २/५ म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी. पोळी वाढून ताटात कमी कशी झाली, या प्रश्नाशी ती स्वतःच थांबेल. मग एका पोळीचे सहा सारखे भाग करून तीन आणि दोन मिळून पाच, म्हणजे ५/६, हे दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

वहीबद्दल एक साधी गोष्ट तिला करून दाखवा. पिना मारलेल्या वहीत प्रत्येक कागद मधोमध दुमडलेला असतो, त्यामुळे पुढचे एक पान फाडले की मागच्या भागातले त्याच्या जोडीचे पान सैल होते आणि काही दिवसांत गळून पडते. म्हणजे चुकीबरोबर ती बरोबर सोडवलेली उदाहरणेही घालवते आहे. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारावी, खालचे वाचता येईल अशी, आणि दुरुस्ती तिच्याखाली लिहावी.

आपण तबल्याचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "धा धा तिट धा धा तूना" वाजवताना तिचे 'तिट' दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, नक्कीच अडखळत असेल. तिथे ती रडत नाही, कारण गुरुजी लय उतरवतात, तेवढाच तुकडा दहा वेळा वाजवून घेतात आणि मग पुन्हा दुगुन धरतात. चूक सर्वांसमोर होते, तिथल्या तिथे सुधारते आणि कोणी तिला गुण देत नाही. गणितातही अडलेल्या उदाहरणाची लय अशीच उतरवता येते : त्याच रीतीची लहान आकड्यांची दोन उदाहरणे आधी करावीत, मग मूळ उदाहरणाकडे वळावे.

गोष्ट सांगायचीच असेल, तर आपल्या गावाचीच सांगा. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आणलेला गोपाळ तिच्याच वयाचा, १२ वर्षांचा होता आणि तोवर त्याचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी त्याने त्या वयात मुळापासून शिकायला घेतल्या. पुढे सयाजीराव म्हणून त्याने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे ती शाळेत वाचेलच. आपण त्या १२ व्या वर्षी गिरवल्या जाणाऱ्या अक्षरांवर थोडे थांबा.

परीक्षेच्या दिवशी पोट दुखणे, झोप उडणे, स्वतःला इजा करण्याची भाषा करणे यांपैकी काही दिसले, तर मात्र घरच्या उपायांवर विसंबू नये. समुपदेशकांना भेटावे किंवा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

बाईंना जरूर भेटा, पण गुणांविषयी बोलू नका. ती निम्मी झालेली वही सोबत न्या आणि एवढेच विचारा, की वही टापटीप नसल्याबद्दल वर्गात गुण कापले जातात का. कापले जात असतील, तर निदान गणिताच्या वहीत रेघ मारून केलेली दुरुस्ती चालेल, असे मुलीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. सातवीतल्या मुलीला आईपेक्षा बाईंचे अधिक पटते.