खोकला क्षयाचा की फुप्फुसाच्या कर्करोगाचा?

प्रश्न : माझे वडील 61 वर्षांचे असून तरुणपणापासून बिडी ओढतात. दोन महिन्यांपासून त्यांचा खोकला वाढला आहे आणि एकदा थुंकीतून रक्तही पडले. एक्स-रेमध्ये डाग दिसल्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. पण पाच आठवडे झाले तरी वजन उतरतेच आहे आणि महिनाभरापासून आवाजही बसला आहे. ‘बिडीचा खोकला असाच असतो’, असे घरातले म्हणतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला बसलेला आवाज ही वाटते. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग गळ्याकडे वर चढते. त्यामुळे डाव्या फुप्फुसातील गाठीचा किंवा तिथल्या सुजलेल्या लसीकाग्रंथींचा दाब तिच्यावर पडला, तर घशात काहीही बिघाड नसताना आवाज घोगरा होतो. सर्दीने बसलेला आवाज सहसा आठ-दहा दिवसांत सुटतो. वडिलांना कर्करोगच आहे, असे पत्रावरून सांगता येणार नाही, परंतु वय, बिडी, रक्त, घटते वजन आणि हा आवाज एकत्र आल्यावर आणखी वाट पाहणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

आपल्याकडे क्षयाचे रुग्ण इतके आहेत, की डाग पाहून डॉक्टरांच्या मनात आधी तोच येणे स्वाभाविक आहे. खोकला, बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त हे सारे दोन्ही आजारांत होते आणि केवळ एक्स-रेवरून त्यांतला फरक ठरत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, की औषधे सुरू करण्यापूर्वी थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली होती का आणि तीत क्षयाचे जंतू सापडले का. ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. जंतू सापडले नसतील, तर या आठवड्यातच छातीरोगतज्ज्ञांना दाखवून छातीचा सीटी स्कॅन करून घ्या, कारण हृदयामागे किंवा गळ्याच्या हाडामागे दडलेली गाठ साध्या एक्स-रेत निसटू शकते. जंतू सापडले असले, तरी बसलेल्या आवाजाचे कारण शोधावेच लागेल. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. मात्र क्षयाची औषधे आपल्या मनाने बंद करू नका.

‘बिडीचा खोकला’ या समजुतीने फार नुकसान केले आहे. वर्षानुवर्षांच्या खोकल्याची तऱ्हा बदलली, म्हणजे तो रात्री उठवू लागला, कफ वाढला, पूर्वी न लागणारी धाप लागू लागली, की तो जुना खोकला समजू नये. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. गाठ फुप्फुसाच्या आवरणापर्यंत किंवा बरगडीपर्यंत पोहोचल्यावरच दुखते, म्हणून ‘छाती दुखत नाही ना’ या दिलाशाला अर्थ नाही. उलट फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठीने खांदा दुखतो, कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जाते आणि रुग्ण कित्येक आठवडे खांद्याला मलम चोळत बसतो. त्याच बाजूची पापणी खाली झुकत असेल, तर शंका अधिकच बळावते.

एक गोष्ट घरीही पाहता येईल. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून धरा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी लहानशी फट दिसायला हवी. ती नाहीशी होऊन बोटांची टोके फुगीर झाली असतील, तर डॉक्टरांना जरूर दाखवा, जरी फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या इतर काही विकारांतही असे होते. चेहरा व मान सुजणे, गळ्याच्या शिरा टम्म फुगणे किंवा पुष्कळ रक्त पडणे यांपैकी काही झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गाठ आढळली, तर तिचा तुकडा काढून तपासावा लागेल. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने अनेक कुटुंबे इथेच अडतात आणि हाताशी असलेले महिने घालवतात. या तपासणीशिवाय गाठीचा प्रकार कळत नाही, आणि प्रकार कळल्याशिवाय योग्य उपचार ठरत नाहीत. वडिलांची बिडी आजच सुटावी. निदान काहीही निघो, उपचार त्यामुळे अधिक सोसवतात.

प्रश्न : माझ्या आईने कधी बिडी ओढली नाही, मशेरीही लावली नाही. तिला महिनाभर कोरडा खोकला आहे. तिला ही भीती नाही ना?

उत्तर : खोकल्याची इतर कारणे अधिक संभवतात, दमा, पित्त घशाशी येणे, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही असा खोकला लागतो. पण तंबाखूला कधी न शिवलेल्या स्त्रियांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो. चुलीचा धूर आणि घरातल्या इतरांची बिडी-सिगारेट ही त्याची ज्ञात कारणे आहेत. त्यांच्यापैकी अनेकींच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल सापडतो आणि त्यावर गोळ्यांनी उपचार करता येतात. तेव्हा आईच्या थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आता करून घ्या, आणि ती घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांकडे सोबत न्या.