टक वाजलं म्हणजे रिले चांगला, असं नसतं

मे महिन्यात सगळे मला एसीबद्दल विचारतात आणि जानेवारी उजाडला की सगळ्यांची गाडी ‘सकाळी लागत नाही’. या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यातून हीटरवरचीच पत्रं काढली आहेत. हीटर म्हणजे ग्लो प्लग, गार डिझेल इंजिन लागावं म्हणून आत तापणारी विजेची कांडी. गॅरेजात त्याला ग्लो प्लग म्हणणारा मला अजून भेटायचा आहे, म्हणून मीही हीटरच म्हणतो.

प्रश्न : मिस्त्री, माझी चार सिलिंडरची डिझेल पिकअप १४ वर्षांची आहे. पहाटे ४ वाजता द्राक्षाचे क्रेट भरून निघायचं असतं. हीटरचा दिवा लागतो, विझतो, डॅशबोर्डाच्या पलीकडून ‘टक’ असा आवाजही येतो. पण सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, मागून नुसता पांढरा धूर. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फवर लागते. मेकॅनिकने चारही हीटर बदलले, २,८०० रुपये गेले, फरक शून्य. आता तो डिझेलचा पंप उतरवायचा म्हणतोय. परवा बागेतल्या शेकोटीचे निखारे घमेल्यात घेऊन इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली ठेवले, तेव्हा कुठे लागली. पंप उतरवू का?
— एक बागायतदार, ता. निफाड

उत्तर : पंपाला हात लावू देऊ नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

तुमच्या पत्रातच निदान आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाही. पंपानेच दगा दिला असता तर बहुधा दुपारीही त्याने रडवलं असतं. गार इंजिनाला उष्णता कमी पडते, एवढाच तुमचा रोग आहे. तुमच्या इंजिनात डिझेल आधी इंजिनाच्या डोक्यातल्या, म्हणजे हेडमधल्या, एका छोट्या खोलीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्या खोलीच्या गार भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात. म्हणून हीटरचं टोक लालबुंद, साधारण ८०० अंशांच्या वर तापावं लागतं. निखाऱ्यांनी तुम्ही तेच काम बाहेरून केलंत. (डिझेलची गळकी नळी, जुनी वायरिंग आणि खाली घमेलं. पुन्हा करू नका. बाग वाचवायला पेटवलेली शेकोटी बागेतच राहू द्या.)

हीटर नवे आहेत. मग त्यांना करंट नीट पोचतो का, हे कोणी पाहिलं? कोणीच नाही, कारण ‘टक’ वाजलं. हे ‘टक’ रिलेचं, म्हणजे हीटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचं. या ‘टक’ने मलाही फसवलंय. तेव्हा गॅरेज सुरू करून दोन वर्षं झाली असतील. एका दूधवाल्याच्या टेम्पोला मी छातीठोकपणे चार हीटर घातले, पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो दारात उभा. टेम्पो दोरीने ओढून आणलेला, कॅन तसेच भरलेले. रिले उघडला तर आतल्या तांब्याच्या पॉइंटवर काळी खपली, एका बाजूला चक्क खड्डा. हीटरचे पैसे मी परत केले नाहीत, आजही बोचतं.

रिलेत दोन वेगळी कामं चालतात. बारीक तारेची कॉइल लोखंडी पट्टी ओढते, ‘टक’ त्याचं. त्या पट्टीवरचे जाड पॉइंट एकमेकांना भिडून हीटरचा खरा करंट वाहून नेतात. तुमच्यासारख्या गाडीत चार हीटर मिळून तापल्यावर सुमारे ४० ॲम्पियर घेतात, सुरुवातीला त्याहून जास्त. पॉइंट सुटताना दर वेळी ठिणगी उडते. १४ वर्षं रोज ठिणगी उडाल्यावर पॉइंट जळतात, पण कॉइल ठणठणीत असते. म्हणजे आवाज येतो आणि माल पोचत नाही.

किती पोचत नाही ते बघा. जळक्या पॉइंटमध्ये ओहमचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ ओहम इतका जरी अडथळा आला, तरी ४० ॲम्पियरला २ व्होल्ट तिथेच जातात. साडेअकराच्या जागी साडेनऊ व्होल्ट मिळाले की हीटरची उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. ते गेलेले २ व्होल्ट रिलेच्या पोटात ८० वॅटची धग होऊन बसतात. म्हणून तर जुन्या रिलेचं प्लास्टिक पिवळं पडतं, कधी पाघळतं. आधी तेच बघा, नाकही लावा. जळका वास लपत नाही.

आता मोजायचं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, दुपारी केलेली परीक्षा फुकट जाते. एक पिन रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला (बॅटरीकडून येणारी जाड वायर), दुसरी ८७ला (हीटरच्या पट्टीकडे, म्हणजे सगळ्या हीटरची डोकी जोडणाऱ्या धातूच्या पट्टीकडे जाणारी). नंबर पुसले असतील तर वायर हाताने चाचपत जा. किल्ली बंद असताना मीटर बॅटरीएवढं, साडेबाराच्या आसपास दाखवेल. पोराला किल्ली फिरवायला सांगा. ‘टक’ होताच आकडा जवळजवळ शून्यावर कोसळला पाहिजे. ०.२, ०.३ असेल तरी चालवून घेऊ. १ किंवा २ व्होल्ट दाखवत राहिला तर पॉइंट जळलेत. साडेबारावरून हललाच नाही तर पॉइंट भिडतच नाहीत. आणि किल्ली बंद असतानाच शून्य असेल तर हीटरकडे जाणारी वायर कुठेतरी तुटलीय, किंवा रिले चिकटलाय. चिकटण्याचं खाली पाचगणीच्या पत्रात आलंय.

‘टक’च होत नसेल तर ८५ आणि ८६ या बारीक टोकांवर मीटर लावा. किल्ली फिरवल्यावर तिथे १२ व्होल्ट येत असतील आणि रिले गप्प असेल तर कॉइल गेली. येतच नसतील तर रिले बिचारा निर्दोष. मग हीटर कधी आणि किती वेळ लावायचे ते ठरवणारा टायमर, फ्यूज आणि कूलंटचा टेंपरेचर सेन्सर बघायचे. सेन्सर बिघडला की टायमरला गार इंजिन गरम वाटतं आणि तो हीटर लावतच नाही.

रिले बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ती ३० नंबरची वायर किल्ली बंद असली तरी जिवंत असते. मोबाइलवर एक फोटो काढा. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, नाहीतर नव्या रिलेच्या दारात जुनाच अडथळा. दुकानात हीटरचाच रिले मागा, तुमच्या गाडीचा, ७० ॲम्पियरच्या आसपासचा. ‘हॉर्नचा लावून दे, तसाच दिसतो’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा. तो ३०-४० ॲम्पियरचा असतो, थंडी सरायच्या आत जळतो.

बरेच जण रिलेला टाळून डॅशबोर्डावर बटण बसवून घेतात. मी बसवत नाही. ड्रायव्हर अर्धवट झोपेत बटण दाबून विडी पेटवतो आणि अर्ध्या मिनिटात हीटरची टोकं फुगतात. फुगलेला हीटर हेडमधून बाहेर येत नाही, तुटतो. मग हेड उतरवा. नव्या गाड्यांत तर हीटर ५ किंवा ७ व्होल्टचे असतात आणि कंट्रोल युनिट मोजून करंट देतं. तिथे थेट १२ व्होल्ट दिले की खेळ खलास. इंजिन लागावं म्हणून मारतात तो ईथरचा स्प्रेही नको. तापलेल्या हीटरवर तो नको त्या वेळी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

प्रश्न : काका, मी मिनेसोटात असतो. २००१ची फोर्ड एफ-२५० घेतली, ७.३ लिटरचं डिझेल. उणे १५ अंशांत ‘वेट टू स्टार्ट’चा दिवा विझतो, मी लगेच सेल्फ मारतो, आणि बराच वेळ काहीच होत नाही. इथला मेकॅनिक तासाचे इतके डॉलर घेतो की आधी तुम्हाला विचारतोय.

उत्तर : दिव्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या भाच्याकडे तिकडे हेच इंजिन होतं. त्याचा रिले मी इथे बसून, व्हिडिओ कॉलवर, रात्री साडेअकराला बदलून घेतला. त्याच्याकडे दिवस होता आणि हातमोजे काढायला तो तयार नव्हता.

या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनात दिवा आणि रिले एकमेकांना विचारत नाहीत. दिवा काही सेकंदांत जातो. रिले मात्र इंजिन ऑइलच्या तापमानानुसार दोन मिनिटांपर्यंत चालू राहू शकतो. तुमच्या थंडीत दिवा विझल्यावरही अर्धा मिनिट थांबून सेल्फ मारा. तरीही नाही लागलं तर रिले तपासा. इंजिनाच्या वर, डिझेल फिल्टरच्या मागे, दोन जाड आणि दोन बारीक टोकांचा डबा. तुमच्या वर्षाच्या ट्रकमध्ये तसाच दिसणारा दुसरा रिले शेजारी असू शकतो, तो आत येणारी हवा तापवणाऱ्या हीटरचा. कुठली वायर व्हॉल्व्ह कव्हरकडे (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाकडे) जाते ते पाहून ठरवा. भाच्याने पहिल्यांदा चुकीचाच मोकळा केला होता.

मोजणी वरच्या उत्तरातलीच, फक्त दोन जाड टोकांवर. इथे आठ हीटर आहेत आणि सुरुवातीला सगळे मिळून २०० ॲम्पियरच्या जवळ जातात, त्यामुळे अर्ध्या व्होल्टची घटही मला चालणार नाही. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून बघायचा मोह आवरा, एवढ्या करंटला तो वितळून चिकटतो. बॅटऱ्या दोन आहेत, दोन्हींची निगेटिव्ह काढा. नट सोडताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर बोल्ट आतल्या आत फिरतो आणि नवा रिले घरीच मोडतो. रिले ठीक निघाला तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधले कनेक्टर बघा, तेही जळतात.

आणि ब्लॉक हीटरची (हा ग्लो प्लग नव्हे, उभ्या गाडीचं इंजिन घरच्या विजेवर ऊबदार ठेवणारा वेगळा हीटर) वायर बंपरपाशी लोंबत असेल तर रात्री ती घरच्या सॉकेटला लावा. त्यासाठीच दिलीय ती.

प्रश्न : स्ट्रॉबेरीच्या हंगामात आमचा टेम्पो पाचगणीहून रोज खाली येतो. नवी बॅटरी दोनदा रात्रीत उतरली. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या डोक्यापाशी सकाळीही कोमट लागतं. अल्टरनेटर बदलू?
— जि. सातारा

उत्तर : कोमट लागतं हे लिहिलंत म्हणून बरं झालं. अल्टरनेटर राहू द्या. रिलेचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेत आणि हीटर बॅटरी उतरेपर्यंत चालूच राहतात. किल्ली काढली तरी त्या वाटेवर किल्लीचं काही चालत नाही. आत्ता जाऊन हीटरच्या पट्टीची वायर सोडा, मग पुढचं. रिलेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून तो सुटेलही, पण आठवड्यात परत चिकटेल. नवाच घाला.

नंतर हीटर तपासा, एखादा तरी नक्की मेला असेल. पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका हीटरच्या डोक्याला. दिवा लागला तर आतली तार जिवंत. काढायचे झाले तर इंजिन गरम असताना, गंजावर तेल सोडून, हळू. अडकला तर जोर लावू नका, थांबा, पुन्हा तेल सोडा.

प्रश्न : माझ्या दहाचाकी ट्रकला हीटर प्लग सापडतच नाहीत. मागच्या मालकाने काढून विकले का?

उत्तर : नाही हो. मोठ्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात पडतं आणि सिलिंडर मोठा असल्याने दाबलेली हवा चटकन गार होत नाही, म्हणून आपल्या हवेत त्याला हीटर लागत नाहीत. सकाळी त्रास देत असेल तर बॅटरीची टोकं आणि डिझेलमध्ये शिरणारी हवा बघा.