नौदलातील पूर्वजाचा शोध : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (तासगाव) : चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात ‘कमांडर’ होते असे घरात सांगतात. गणवेशातला एक फोटो तेवढा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : फोटोतल्या बाहीपासून. मनगटाजवळच्या पट्ट्या सरळ असतील तर ते रॉयल इंडियन नेव्हीच्या कायम सेवेत होते, नागमोडी असतील तर स्वयंसेवक राखीव दलात आणि एकमेकींत गुंफलेल्या असतील तर व्यापारी जहाजांवरून आलेल्यांच्या राखीव दलात. एक पट्टी म्हणजे सब-लेफ्टनंट, दोन म्हणजे लेफ्टनंट आणि दोन रुंद पट्ट्यांमध्ये एक बारीक असली तर लेफ्टनंट कमांडर. घरातली ‘कमांडर’ ही आठवण आधी या पट्ट्यांशी ताडून पाहावी, कारण हुद्दा आणि दल नक्की झाल्याशिवाय जुन्या गॅझेटातली नेमणूक किंवा छापील अधिकारी-यादीतले नाव त्याच माणसाचे आहे असे म्हणता येत नाही. एकाच आडनावाचे दोघे सहज सापडतात.

प्रश्न (वाई) : आजोबा अधिकारी होते आणि १९४६च्या बंडातही होते, असे ऐकतो. दोन्ही खरे असेल का?

उत्तर : १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील प्रशिक्षण केंद्रात सुरू झालेला उठाव खलाशांचा होता. तेव्हा ते खरोखर अधिकारी होते की खलाशी, हे आधी तपासावे. खलाशी असले तरी त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न (मिरज) : आजोबा ‘बेंगाल’वर लढले, हे कसे पडताळावे?

उत्तर : ११ नोव्हेंबर १९४२ रोजी या लहानशा जहाजाने आणि ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाने हिंदी महासागरात दोन जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिले व त्यांतले एक बुडाले. एवढ्या नावाजलेल्या लढाईशी घरोघरच्या आठवणी जोडल्या जातात. छापील अधिकारी-यादीत हुद्द्यापुढे ज्येष्ठतेची, म्हणजे तो हुद्दा कधीपासून धरला त्याची, तारीख असते; पहिली नेमणूकच १९४३ची असेल, तर ते अधिकारी म्हणून त्या लढाईत नव्हते, नंतर त्या जहाजावर असू शकतात.

प्रश्न (विटा) : नौदलाच्या कागदात घराण्याची काहीच माहिती मिळत नाही. ती कुठे शोधावी?

उत्तर : गावात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, आणि प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर ही दोन्ही पाहावीत. जुनी नोंद मोडीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावी. विटा-तासगावचा भाग १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, म्हणून पत्त्यात ‘जि. सातारा’ दिसले तर माणूस दुसरा समजू नये. शाळेतली जन्मतारीख अनेकदा कोतवाल बुकापेक्षा वेगळी असते, आणि नोकरीच्या कागदांवर बहुधा शाळेचीच चढते. वंशावळीत दोन्ही तारखा, कुठून घेतल्या त्यासह, लिहून ठेवाव्यात.