धावपट्टी पुरेशी लांब असूनही बर्फावर उतरताना लहान विमाने का घसरतात?

अशा अपघातांत लांबीपेक्षा दिशेवरचे नियंत्रण अधिक निर्णायक ठरते, असे माझे मत आहे. टेकताना वेग पुरेसा असतो, तोवर रडर (शेपटीवरचा उभा, हलता भाग) विमान सरळ ठेवतो. वेग कमी होत जातो तसा त्याचा प्रभाव ओसरतो आणि सारी भिस्त चाकांच्या पकडीवर येते. बर्फावर ती पकडच नसल्यामुळे बाजूच्या वाऱ्याने विमानाचे नाक वाऱ्याकडे वळते, आणि धावपट्टीच्या कडेला सारलेल्या हिमाच्या ढिगात चाक किंवा पंखाचे टोक अडकते. बहुतेक हलक्या विमानांत चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा नसते, म्हणून ब्रेक जोरात दाबल्यास चाके फिरायची थांबून नुसती घसरतात.

तापमान शून्य अंशाच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा थर साचतो. ही स्थिती कोरड्या, कडक थंडीतल्या बर्फाहून कितीतरी धोकादायक असते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या पद्धतीत धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला ० ते ६ असा अंक दिला जातो: ६ म्हणजे कोरडी, ० म्हणजे ब्रेक जवळजवळ निरुपयोगी. हे अंक अवश्य पाहावेत. मात्र नुकत्याच उतरलेल्या मोठ्या जेटच्या वैमानिकाने ब्रेक चांगले लागल्याचे कळवले, एवढ्यावर विसंबू नये, कारण त्या जेटचे वजन आणि ब्रेकयंत्रणा सर्वस्वी वेगळी असते. विमानाच्या पुस्तिकेतील उतरण्याचे अंतरही बहुधा कोरड्या, टणक धावपट्टीसाठीच दिलेले असते.